चिलीम, पाइप आणि शाळेतलं कपाट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला पंधरा मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोडला आहे. सकाळपासून छडीच्या, सहलीच्या, गुंजवणीला पूर आला की मिळणाऱ्या सुट्टीच्या आठवणी सांगून झाल्या. मी जरा वेगळं बोलणार आहे. माझा विषय आहे तंबाखू ओढायची साधनं, म्हणजे आपली चिलीम आणि इटलीतला लाकडी पाइप. हसा, हसा. ज्या शाळेत खिशात बिडीचं थोटूक सापडलं तर तासभर अंगठे धरून उभं राहावं लागायचं, तिथं हा विषय काढताना या वयातही मला धाकधूक वाटते. गुरुजी पहिल्याच रांगेत बसलेत.

विषय निघाला तो असा. शाळेत जुन्या वस्तूंचं एक कपाट करायचं आपण ठरवलं. कुणी पायली आणि आधोली देणार आहे, कुणी इरलं, कुणी कंदील, कुणी लाकडी नांगराचा फाळ. मी ग्रुपवर लिहिलं, "वडिलांची चिलीम देतो." दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "अरे, शाळेत चिलीम? मुलांनी तिच्यातून काय घ्यायचं?" बाईंचा प्रश्न रास्त आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि मी तर ती ओढायचं साधनच शाळेच्या आत आणायला निघालोय. फोनवर मी एवढंच म्हणालो की मेळाव्यात बोलतो. म्हणून बोलतोय.

टेबलावर तीन वस्तू ठेवल्यात. ही चिलीम. हा इटलीतला पाइप. आणि हा लाकडाचा तुकडा, जो बघून आमच्या शेजाऱ्यानं विचारलं होतं, "बंबात घालायला ठेवलाय का?"

आधी पाइपाचं सांगतो, कारण चिलमीकडे मी नीट बघायला लागलो ते पाइपामुळे.

आपल्यातल्या काहींना माहीत आहे, मी आयटीआय करून टर्नर झालो आणि सगळी नोकरी लेथवर काढली. वीस-बावीस वर्षांपूर्वी कंपनीनं इटलीहून मशिनं घेतली आणि ती शिकून यायला आम्हा दोघांना तीन आठवडे तिकडे पाठवलं. मिलानच्या उत्तरेला व्हारेसे म्हणून गाव आहे, त्या भागात. रविवारी करायचं काय? तिथल्या फिटरनं आम्हाला त्याच्या ओळखीच्या एका माणसाच्या वर्कशॉपात नेलं. तो हातानं पाइप करायचा. नंतर कळलं की तो सगळा पट्टाच या धंद्याचा. साविनेल्ली या नावाजलेल्या पाइपांचा कारखाना व्हारेसेजवळ बारास्सोला आहे. अकिल्ले साविनेल्लीनं मिलानमध्ये पहिलं दुकान १८७६ मध्ये काढलं होतं. तिथून जवळच कांतू म्हणून फर्निचरसाठी प्रसिद्ध असलेलं गाव आहे, तिथं कार्लो स्कॉत्तीनं १९४७ मध्ये 'कास्तेल्लो' सुरू केलं. आपल्याकडे हिंदी सिनेमात पाइप दिसला की समजायचं, हा खलनायक, नाहीतर नायिकेचा श्रीमंत बाप. तिकडे ती सुताराइतकीच साधी कारागिरी आहे हे मला माहीतच नव्हतं.

हे लाकूड ब्रायरचं. भूमध्य समुद्राकाठच्या डोंगरउतारांवर हे झुडूप वाढतं. टस्कनीत, कालाब्रियात, सार्डिनियात, कॉर्सिकातही. शास्त्रीय नाव एरिका आर्बोरिया. खोड आणि मूळ जिथं जुळतात तिथं, जमिनीखाली, त्याला एक गाठ धरते. वणव्यात वरचं सगळं जळालं तरी त्या गाठीतून पुन्हा धुमारे फुटतात. पाइप होण्याजोगी गाठ व्हायला तीस-चाळीस वर्षं जातात. आपल्याकडे सुताराला लाकडात गाठ दिसली की तो तोंड वाकडं करतो. रंधा अडतो, फळी फाटते. गाठीचा तुकडा चुलीकडे जातो. तिथं गाठ हाच माल, आणि सरळ खोडाला कुणी विचारत नाही.

गाठ खणून काढली की ती ओली ठेवावी लागते, उन्हात टाकली तर तडकते. मग मोठ्या गोल करवतीवर तिचे ठोकळे करतात, तेही डोळ्यानं अंदाज घेत, कारण आतला किडका, भेगाळलेला भाग चुकवायचा असतो. ते ठोकळे तांब्याच्या मोठ्या हंड्यात बारा-बारा तास उकळतात. त्यानं आतला चीक निघतो, नाहीतर पाइप कडू लागतो. मग सावलीत वाळत ठेवायचे, महिने नव्हे, पुष्कळदा वर्षं. एवढं सोसलेलं लाकूड विस्तव पोटात घेऊनही सहजी जळत नाही. घट्ट असतं, त्यात सिलिका असते, आणि तंबाखूचा ओलावाही ते थोडा शोषतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये साँ-क्लोद या डोंगरी गावात ब्रायरचे पाइप सुरू झाले. त्याआधी युरोपातही बहुतेक लोक मातीच्याच पाइपातून ओढायचे. म्हणजे आपला कुंभार आणि त्यांचा कुंभार एकच काम करत होते.

आता आकार. या पाइपांचे आकार बघून आम्ही दोघं हसलोच होतो. एक सफरचंदासारखा, एक बुलडॉग कुत्र्याच्या जबड्यासारखा बसका, एक शिंगासारखा वळलेला, एक तर फुगलेल्या माशासारखा, एका बाजूला कललेला. भिंतीला लावलेली एक दांडी हातभर लांब. मला वाटलं, गिऱ्हाइकाला भुलवायला केलेली ही सोंगं आहेत. त्या कारागिरानं काही बोलायच्या आधी एक ठोकळा माझ्या हातात दिला, पाण्याचा हात फिरवला आणि उजेडात धरायला लावला. लाकडाच्या रेषा गाठीच्या गाभ्यातून बाहेर जात होत्या, पिंजारलेल्या केसांसारख्या. आडव्या बाजूनं बघितलं तर त्याच रेषांची टोकं दिसत होती, बारीक ठिपके, पाखराच्या डोळ्यांसारखे. तो म्हणाला (फिटर मोडक्या इंग्रजीत सांगत होता), आकार मी ठरवत नाही. रेषा पाइपाच्या वाटीला खालून वर चढल्या पाहिजेत, मग वाटी जिकडे कलेल तिकडे कलेल.

टर्नरला हे पचायला जड जातं. आमच्याकडे आधी ड्रॉइंग येतं. मटेरियलनं ड्रॉइंगप्रमाणे व्हायचं, नाही झालं तर जॉब रिजेक्ट. त्याच्याकडे ड्रॉइंगच नव्हतं. पेन्सिलनं ठोकळ्यावर रेघ मारली, पट्ट्याच्या करवतीवर बाहेरचं उडवलं, आणि अर्ध्या वाटेत आतून एक बारीक खड्डा निघाला. गाठ वाढताना मातीचा कण, बारका खडा पोटात घेते, त्याचा तो खड्डा. त्यानं पेन्सिल घेतली, पहिली रेघ पुसली, दुसरी मारली. उंच व्हायचा पाइप बसका झाला, खड्डा कापून गेला. असे आणखी दोन-तीन खड्डे निघाले तर पृष्ठभागच मुद्दाम खडबडीत कोरायचा. 'कास्तेल्लो'चे असे समुद्रातल्या खडकासारखे खरबरीत पाइप नामांकित आहेत. तेव्हा विचित्र आकारातली निम्मी तरी विचित्रता लाकडाची असते. उरलेली माणसाची, हेही खरं. पेसारो नावाच्या गावात १९८२ पासून 'सेर याकोपो' म्हणून पाइप होतात, त्यात व्हॅन गॉगसारख्या चित्रकारांच्या चित्रांतले पाइप बघून तसेच केलेले पाइप आहेत. तिथं लाकडाला काय विचारत असतील देव जाणे!

पण एका गोष्टीत लाकडाला नाही आणि माणसालाही मोकळीक नाही, ती म्हणजे भोक. वाटीचं भोक साधारण वीस मिलिमीटर, आणि दांडीतून येणारं साडेतीन-चार मिलिमीटरचं. ते बारीक भोक वाटीच्या बरोब्बर बुडाशी निघालं पाहिजे. जरा वर निघालं तर खालची तंबाखू ओलीच राहते, जरा खाली गेलं तर बूड जळतं. कारखान्यात आधी भोकं पाडतात आणि मग आकार देतात. हातानं करणारे पुष्कळदा आधी आकार देतात आणि त्या वाकड्यातिकड्या वस्तूला चकमध्ये धरून भोक पाडतात. हे मी डोळ्यांनी बघितलं तेव्हा लेथवरची माझी तोपर्यंतची मिजास थोडी उतरली. बाहेरून डुकरासारखा दिसो की नागासारखा, आतून प्रत्येक पाइप एकच असतो. बाक दिला तर दातांवर वजन कमी पडतं, पण बाकात पाणी साचून गुडगुड वाजतं. दांडी लांब केली तर धूर निवतो, पण पाइप कोटाच्या खिशात मावत नाही. सगळे आकार त्या एका भोकाभोवतीच्या तडजोडी आहेत.

हा ठोकळा त्यानंच मला दिला. रिजेक्ट माल. मधोमध खड्डा आहे, इथं, बोट लावून बघा. आणि हा पाइप मी विकत घेतला, दुकानातला सगळ्यात स्वस्त. मी तो कधी ओढला नाही. का, ते पुढे येईलच.

घरी आल्यावर आईला तो दाखवला. आईनं हातात घेतला, उलटासुलटा केला आणि म्हणाली, "ही कुणाला देता येत नसंल की रं."

मला आधी समजलंच नाही. मग आईनं कोनाड्यातून वडिलांची चिलीम काढली. वडील जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण ती तिनं टाकली नव्हती. दोन्ही शेजारी ठेवल्या आणि मला आईचं बोलणं उमगलं.

चिलीम हातात धरून बघा. भाजलेली माती. सरळ नळी, वर रुंद, खाली अरुंद. कुंभार चाकावर एकच उंच गोळा चढवतो आणि त्याच्या शेंड्यातून एकामागून एक चिलमी काढतो, दोऱ्यानं कापून बाजूला ठेवतो. सुकल्या की मडक्यांबरोबर आव्यात. आमच्याकडे मडकी बलुत्यानं यायची, त्यात चिलीमही यायची. तिला कोण मोल देतंय! फुटली तर दुसरी. आत तंबाखू खाली घसरू नये म्हणून एक गोटीएवढा खडा असतो. आणि खालच्या टोकाला ओली छापी, म्हणजे फडक्याची चिंधी. धूर त्या ओल्या चिंधीतून येतो म्हणून थोडा निवतो. मुख्य म्हणजे, चिलीम दोन्ही हातांच्या पंजात धरतात आणि मुठीच्या पोकळीतून ओढतात. तोंड चिलमीला लागतच नाही. म्हणून ती फिरते. बांधावर पाचजण बसले की एकच चिलीम पाचजणांत फिरायची. चकमकीवर ठिणगी पाडून कापूस पेटवायचा, त्यावरून गप्पा सुरू व्हायच्या, त्यातच पाऊस, भाताचे भाव, कुणाचा बैल आजारी, सगळं. साईबाबांच्या गोष्टी आठवा, चिलीम ओढली की ती शेजारच्याला दिलीच. त्यांच्या चिलमी शिर्डीला जपून ठेवल्या आहेत. शेगावच्या गजानन महाराजांच्या कथेतही चिलमीसाठी विस्तव मागायला गेल्याचाच प्रसंग येतो. विस्तव मागायचा, चिलीम द्यायची, हे सगळं दुसऱ्याशिवाय होत नाही.

पाइपाचं उलट आहे. त्याचं टोक दातांत धरतात. दांडीला दातांचे वण पडतात. वाटीच्या आत काजळीचा थर बसतो, तो मिलिमीटरभर राखायचा, जास्त वाढला तर खरवडायचा, आणि एकदा ओढला की पाइपाला दिवसभर विश्रांती द्यायची. असल्या लाडाची वस्तू कोण दुसऱ्याच्या तोंडात देईल? म्हणून प्रत्येकाचा वेगळा, म्हणून आकारांची एवढी हौस. आपल्या चिलमीला आकारांची हौस कधी नव्हती असं नाही म्हणता येत. १६०४ च्या सुमारास असद बेग हा अकबराचा वकील विजापूरला आला होता. ज्या आदिलशाहीकडून महाराजांनी आपला तोरणा घेतला, तिचीच ही राजधानी. तिथून त्यानं तंबाखू नेली आणि तिच्याबरोबर बादशहासाठी एक नळी सजवून नेली, दोन्ही टोकांना जडाव, ओठांशी यमनी अकीक. हकिमांनी विरोध केला, बादशहानं तरी दोन झुरके घेतले. पुढे जहांगीरनं १६१७ मध्ये तंबाखूवर बंदी घातली. तिचं काय झालं ते आपण चारशे वर्षं बघतोच आहोत. सांगायचं असं की एकट्यानं ओढायची वस्तू सजते, पाचांत फिरणारी साधी राहते.

इथपर्यंत सगळं गोड वाटतं. म्हणून दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत, नाहीतर बाईंच्या प्रश्नाला मी बगल दिली असं होईल.

पहिली. ती चिलीम पाचजणांत फिरायची, पण सहावा जण बांधाच्या खाली बसायचा. तोही आमच्याच शेतावर राबायचा. त्याची चिलीम वेगळी, छापी वेगळी. विस्तव मात्र आमचाच, वरून टाकलेला. मी लहान होतो, मला त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण कुणालाच दिसत नव्हतं. त्याचा मुलगा आपल्याच वर्गात होता आणि आज इथं बसला आहे. कालच त्याच्याशी बोललो. तो म्हणाला, "हे सांगणार असशील तर कपाटात ठेव. नाहीतर नको."

दुसरी. माझे वडील घशाच्या कॅन्सरनं गेले. मी आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होतो. शेवटचे दोन महिने त्यांना पाणी गिळता येत नव्हतं, आवाज गेला होता, काही हवं असलं की थाळीवर चमचा वाजवायचे. ओली छापी धूर निववते, पण त्यातलं विष अडवत नाही. पाइपाचं भारी लाकूडही अडवत नाही. धूर थंड लागतो म्हणून माणूस निर्धास्त ओढतो, इतकंच. आणि वडिलांच्या नावानं डोळे पुसणारी माझी आई स्वतः रोज सकाळी तव्यावर मिशेरी भाजून दातांना लावायची. घरभर तो वास. तिला किती सांगितलं. आपल्या मावळात कुणाच्या घरी हे नव्हतं, हात वर करा. बघा, एकही हात नाही.

आई असताना मी तिला विचारलं होतं, ज्या वस्तूनं नवरा नेला ती कोनाड्यात कशाला ठेवलीस? ती म्हणाली, "त्यांचा हात लागलाय तिला." पुण्यात केळकर संग्रहालयात गेलात तर अडकित्ते, हुक्के, दिवे, किती परींचे आकार ठेवले आहेत. ते सगळं दिनकर केळकरांनी लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं उभं केलं. तिथल्या अडकित्त्यांसमोर उभा राहिलो की मला आईचा कोनाडा आठवतो.

तर बाई, तुमचा प्रश्न, मुलांनी तिच्यातून काय घ्यायचं? मी असं म्हणेन की पायलीतून जे घ्यायचं तेच. आपली माणसं कशी राहिली ते. पायलीनं सावकार कसं मापायचा हे आपण सांगणार असू, तर चिलमीनं काय केलं हेही सांगू. नुसती वस्तू ठेवली आणि खाली 'चिलीम' असं लिहिलं, तर मुलं दोन मिनिटं हसतील आणि तुमचं भय खरं ठरेल. तशी ठेवायची असेल तर मलाही ती नको. तिच्याबरोबर चिठ्ठी हवी. तिच्यात कुंभाराचा गोळा हवा, खडा आणि छापी हवी, बांधावरचे पाच हवेत, बांधाखालचा सहावा हवा, आणि थाळीवर वाजणारा चमचाही हवा. एवढं वाचून जर कुणा पोराला ती ओढावीशी वाटली तर मी तुमच्यासमोर अंगठे धरून उभा राहीन.

पाइप मी कपाटाला देत नाही, तो आपला नव्हे. हा ठोकळा मात्र देतो. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला सुतारकाम असलं तर मुलांना दाखवता येईल की गाठीच्या लाकडालाही कुठंतरी मोल असतं, आणि खड्डा निघाला की पेन्सिल पुन्हा उचलायची असते. त्याला कुणाची हरकत नसावी. गुरुजी मान हलवतायत, म्हणजे ते मंजूर.

चिलमीचा निर्णय बाईंचा. नको म्हणाल्या तर मी ती मुकाट्यानं घरी नेईन, कोनाडा रिकामाच आहे. हो म्हणाल्या तर चिठ्ठी मात्र त्यांच्याच अक्षरात हवी, कारण आमच्या सगळ्या वर्गाचं अक्षर काय आहे ते त्यांनीच वर्षानुवर्षं लाल शाईत लिहून ठेवलं आहे. जेवणानंतर मी या टेबलापाशी थांबतो. वस्तू हातात घेऊन बघा, चिलीम जरा जपून, माती आहे. कोरा कागद आणि पेन मी बरोबर आणलंय, बाई.